पोट मोकळं झालं ती सकाळ

मी एसटीत कंडक्टर. गंगापूरच्या फेरीला वाटेत लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायची सवय माझी मीच लावून घेतली होती. पोटाचं दुखणं मात्र त्याहून जुनं. चार-चार दिवस शौचाला होत नसे. पोट फुगून टम्म, वर मुरडा. सांगेल त्याचं चूर्ण खाल्लं. एकदा तर एका चूर्णानं ऐन ड्यूटीवर असा इंगा दाखवला, की ड्रायव्हरदादांना गाडी धाब्यावर थांबवावी लागली. त्यानंतर पुन्हा चार दिवस काहीच नाही!

शेवटी सिडकोतल्या एका डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी पोट दाबून बघितलं, रक्त तपासलं.

"शौचाला झालं की दुखणं कमी होतं?"

"व्हय मॅडम, अगदी तसंच!"

"मग हे आयबीएस. आतडी हळवी आहेत तुमची, घाबरायचं कारण नाही. जालीम चूर्णं बंद. थोडं इसबगोल, हळूहळू वाढवायचं, आणि भरपूर पाणी. नाष्टा झाला की दहा मिनिटं निवांत बसायचं. कुंथायचं नाही. कमोडवर बसताना पायाखाली स्टूल घ्या."

आजाराला नाव मिळालं याचाच मला केवढा आनंद! घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं.

"खाऊन मग जायचं? उलटंच की गं," त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी अंघोळीचं प्लॅस्टिकचं स्टूल त्यांनीच आत नेऊन ठेवलं.

पहिला आठवडा नुसता गॅस. मी चमचा भरभरून घेत होते. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "घाई नको. अर्ध्या चमच्यावर या."

आणि दहाव्या दिवशी, पोहे खाऊन बसले, पाय स्टुलावर, आणि जोर न लावता, काही न करता...

"झालं! आई, झालं!" मी आतूनच ओरडले.

सासूबाई धावत आल्या. "काय झालं गं? पडलीस का?"

"नाय हो! पोट साफ झालं!"

"सगळं?"

"सगळं!"

दोघी दाराच्या दोन बाजूंना हसत सुटलो. गॅलरीतून शेजारीण ओरडली, "कसला निकाल लागला हो?"

"सूनबाईचा!" सासूबाई तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या. "पास झाली!"

त्या दिवशी गाडीत मी प्रत्येक प्रवाशाशी हसून बोलले. खच्चून भरलेल्या गाडीत पुढून मागं जाताना अंग पिसासारखं हलकं वाटत होतं. ड्रायव्हरदादांनी विचारलं, "आज लई खुशीत, ताई?" मी नुसती डबल बेल मारली.

दुखणं कायमचं गेलेलं नाही. मधेच एखादा आठवडा वाईट जातो. पण आता मी घाबरत नाही, आणि कुणाच्या चूर्णाच्या पुडीला हात लावत नाही.