सफारीवाल्याचा सिनेमा

लातूरहून नांदेडला जाणाऱ्या एसटीत शेजारचे सफारीवाले काका मोबाइलवर सिनेमा बघत होते, तोही सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा. म्हातारा, निवृत्त दरोडेखोर शेवटच्या कामगिरीला निघतो, अशी गोष्ट. नांदेडच्या टॉकीजला दोन दिवस लागून गेला होता, कुणाला पत्ताही नाही. पडदा सरकवायला काका बोट जिभेला लावत, फायलीचं पान उलटावं तसं.

तिजोरीपाशी दरोडेखोर घामाघूम झाला, तसे काका चुकचुकले. "रिटायर झाल्यावर कशाला जीव धोक्यात घालून राहिला हा? खुर्चीवर होता तवाच उरकायचं न्हाई का?"

"तुम्ही कुठं होता?" मी विचारलं.

"सरकारी खात्यात. अठ्ठावन्न भरले अन् सुटलो. दोन वर्षं झाली. लई इमानानं केली नोकरी."

तेवढ्यात कंडक्टर आला. काकांनी सिनेमा थांबवून कार्ड पुढं केलं आणि पासष्टीपुढच्यांना मिळतं ते अर्धं तिकीट घेतलं. कार्डावरच्या जन्मतारखेनं ते अडुसष्ट वर्षांचे होते.

पडद्यावर दरोडेखोराच्या कपाळावरचा घाम तसाच थांबला होता. काकांच्या कपाळावर थेंब नव्हता. त्यांनी बोट जिभेला लावलं.

"बघा, आता सापडतो हा," ते म्हणाले. "सवय मोडली की असंच होतं."