पाखरांचे लाडू

माझ्या अक्षराला कुणी हसू नये. चौथीनंतर पेन हातात धरलं ते सही करण्यापुरतंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळी खाली उतरल्या असतील, त्याची माफी असावी. हे कुणाला दाखवायचं नाही. तोंडाने हे सांगता येत नाही म्हणून लिहिते.

आमचं घर साताऱ्याच्या कडेला आहे. पुढे थोडी मोकळी जागा आणि एक पेरूचं झाड. मालक फौजेतून रिटायर झाले, पण रविवारचं मटण सुटलं नाही. खाटीक ओळखीचा आहे, वजनावर मूठभर चरबी फुकट टाकतो. ती मी कढवून डब्यात भरायची आणि पावट्याची आमटी त्यातच फोडणीला टाकायची. डॉक्टरांनी मालकांना चरबी बंद केली, तेव्हापासून डबा तसाच भरून राहू लागला. खाटकाला नको म्हणायला मला संकोच वाटतो आणि टाकून द्यायला हात धजत नाही.

माझं माहेर जतकडचं. तेल सणासुदीलाच यायचं. आई चरबी कढवायची, वास मरावा म्हणून त्यात लवंग घालायची, आणि थंडीत त्याच चरबीत बाजरीचं पीठ भाजून गुळाचे लाडू वळायची. मला ते फार आवडायचे. एकदा शाळेत डब्यातून नेले. शेजारच्या मुलीला एक दिला, तिने मिटक्या मारत खाल्ला. मग विचारलं, कशाचे आहेत? मी खरं सांगितलं. ती बाहेर जाऊन थुंकली, आणि नंतर माझ्याजवळ कुणी बसेना. शाळा का सुटली ते घरचे वेगळं सांगतात. मला माहीत आहे का सुटली ते.

तर ह्या थंडीत मी चरबी कढवून कढईत उरलेली बेरी पेरूखाली टाकली आणि साळुंक्या आल्या. मग आईसारखेच लाडू वळले. मीठ घातलं नाही, पण लवंग आणि गूळ सवयीने पडलेच. करवंटीला भोकं पाडून, त्यात लाडू ठेवून ती फांदीला टांगली. बुलबुलाची जोडी यायची, एक खार यायची. मला बघत बसायला बरं वाटायचं. पाखरं काही विचारत नाहीत.

शेजारच्या काकी माळकरी आहेत. नवरा गेल्यावर त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. आमच्याकडे मटण शिजलं की त्या दिवशी आमच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत, एरवी कोरडं, गोडधोड घेतात. संक्रांतीच्या आधी त्यांनी वाटीभर हुरडा पाठवला होता. वाटी न्यायला त्या आल्या तेव्हा मी दळण आणायला गेले होते. परत आले तर मालक दारातच बसलेले.

"काकी वाटी घिऊन गेल्या," ते म्हणाले. "रिकामी कशी द्यायची? ताटात लाडू हुतं, त्यातलं दोन घातलं."

माझ्या डोक्यावरचं दळण खाली आलं.

"आवं, ते पाखरांचं हुतं. चरबीतलं."

ते हसू लागले. "मग आता गप ऱ्हा. चरबी हाय, इख न्हाई."

मी काकींच्या दारापर्यंत गेले. आत त्या ताटली घेऊन बसल्या होत्या, एक लाडू संपला होता, दुसरा अर्धा. मला बघून म्हणाल्या, "आगं, काय हात हाय तुजा. कसा टाळूला चिकटतोय बघ. तूप भरपूर घातलंस."

मी तिथेच सांगायला हवं होतं. माझ्यासमोर ती शाळेतली मुलगी उभी राहिली. काकी थुंकल्या असत्या, माळ उतरवली असती, पुन्हा घालून घ्यायला महाराजांकडे गेल्या असत्या आणि सगळ्या आळीला कळलं असतं. मी म्हणाले, "व्हय काकी."

चार दिवसांनी त्या हजार रुपये घेऊन आल्या. नात सांगलीला बाळंत झाली होती. "तिला डिंकाचं लाडू करून दे. तूप अस्संच घाल, त्याच चवीचं." मी पैसे घेतले. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

सगळे पैसे सामानात घातले. गावठी तूप, डिंक, खारीक, बदाम. डिंक तळताना घरभर तुपाचा वास सुटला होता. इतके चांगले लाडू मी माझ्या सुनेच्या बाळंतपणालाही केले नव्हते. मजुरीचा एक रुपया ठेवला नाही.

डबा सांगलीला जाण्याआधी काकींनी त्यातला एक खाऊन बघितला. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी आल्या.

"खरं सांगू का? पयल्यासारखं न्हाईत. टाळूला चिकटत न्हाईत. तूप कुठं मुरलं गं?"

बाजूच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती, तिने ऐकलं. म्हणाली, "आवं काकी, मालकांच्या पोळीवर मुरलं आसंल."

दोघी हसल्या. मी जर म्हणाले असते की हे अस्सल तुपाचेच आहेत, तर काकींनी विचारलं असतं, मग आधीचे कशाचे होते? पायाच्या अंगठ्याने मी माती उकरत राहिले.

"कमी पडलं आसंल काकी," मी म्हणाले.

काकींचं हसू गेलं. "बाळंतिणीच्या तोंडचं काडलंस व्हय?"

"पैसं परत दिते."

"सगळं?"

"सगळं."

घरी सून चिडली. तिने मला तूप ओतताना बघितलं होतं. "आई, तुम्ही चोरी केली नाही आणि पैसे देताय? मी जाऊन सांगते." मी तिचा हात धरला. मालक त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, "चूक माजी हाय, मी सांगतू." त्यांनाही जाऊ दिलं नाही. काकींची माळ राहावी म्हणून जाऊ दिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पण रात्री अंथरुणावर पडलं की कळतं, त्यात काकी थोड्या आणि मी जास्त होते. चोर म्हणवून घेणं मला सोपं गेलं. चरबीची म्हणवून घेणं नाही.

घरखर्चाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. जुन्या साड्यांच्या वाकळा शिवून दिल्या. पहिल्या वाकळेचे पाचशे आले ते दिले. दुसरीचे तीनशे. काकी पैसे पदरात बांधायच्या, बोलायच्या नाहीत. आमच्या घरी येणं बंद झालं होतं. भांड्यांची देवाणघेवाणही थांबली.

काल शेवटचे दोनशे घेऊन गेले. काकी अंगणात बसल्या होत्या. त्यांच्या जास्वंदीला एक करवंटी टांगलेली दिसली, आत बाजरीचे दाणे. दोन चिमण्या काठावर बसून आत बघत होत्या.

"तुज्याकडं बघून टांगली," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "पण बुलबुल येत न्हाई गं माज्याकडं. तू काय घालतीस?"

सांगायला तोंड उघडलं होतं. त्यांच्या गळ्यात माळ होती, हाताने त्या ती सारखी करत होत्या.

"बाजरीच," मी म्हणाले.

त्यांनी दोनशे मोजले, पदराला गाठ मारली. "फिटलं बग सगळं," म्हणाल्या. "आता मनात काय ठिवू नगंस."

मी मान हलवली आणि घरी आले.