माळ्यावरची मोलकरीण

“मोलकरणीचं कसलं आलंय आत्मचरित्र!” तो हसत म्हणाला आणि त्याने ते पुस्तक रद्दीच्या पोत्यात टाकलं.

केंब्रिजमधल्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, हा म्हातारा व्हॉलंटियर दर शनिवारी जुनी जर्मन पुस्तकं लावायचा. शंभरेक वर्षांपूर्वीचं आत्मचरित्र हातात आलं, की तो आधी लेखकाचा फोटो शोधायचा. लेखक सेनाधिकारी किंवा प्रोफेसर असला, की पिवळ्या फडक्याने पुस्तक हलकेच पुसायचा, कडांवर फुंकर घालायचा आणि काचेच्या कपाटात ठेवायचा. त्याचा तो हळुवारपणा मला फार आवडायचा.

ते पुस्तक मात्र कायम खालच्या फळीवर, धुळीत. बर्लिनमध्ये घरकाम करणाऱ्या एका मुलीने लिहिलेलं. ती मालकिणीच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर झोपायची. तिथे तिला धड उठून बसताही यायचं नाही. माझ्या कच्च्या जर्मनमध्ये मी दर शनिवारी उभ्याउभ्या त्याची दोन-तीन पानं वाचायचे. विकत घ्यायचं तर कोणाशीतरी बोलावं लागलं असतं.

“अरे, घेईल की कोणीतरी,” गल्ल्यावरची बाई म्हणाली.

“कोण घेणार? फोटोसुद्धा नाही तिचा.”

माझे कान तापले. फोटो कोण काढणार होतं तिचा?

तेवढ्यात त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. “काही हवंय का, डियर?” त्याने नेहमीच्या गोड आवाजात विचारलं. एरवी मी “नुसती बघतेय” म्हणून खाली बघायचे.

“ते पोत्यातलं पुस्तक हवंय,” मी म्हणाले. “आणि आधी पुसा ते. त्या प्रोफेसरांची पुसता तसं.”