कनगीवर वाजलेला पेन

सर्वेवाले सायब आमच्या पाड्यावर कितीदा येतात, पन त्यांचं नाव कुनाला ठाव नाय. मान खाली घालून इचारतात, जे दिसंल त्याच्यावर पेन ठकठक वाजवतात, आनि आपन तोंड उघडलं की बोलतात, "हां, पुढं!"

दुष्काळात आमी नागलीचं बियानंपन दळून खाल्लं. हे कुनी सांगत नाय, बियानं खानाऱ्या घराला पाडा नावं ठेवतो. म्हनून "ताई, बियानं आहे?" सायबांनी इचारलं तवा मी पोर पोटाशी धरून, घाबरत बोलले, "हाय." त्यांनी बियानं साठवायच्या कनगीवर पेन वाजवला. ती पोकळ वाजली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्यांना कळलं, तरी 'आहे' लिवलं. "हां, पुढं!"

ज्यांच्याकडं नाय त्यांनाच सरकारी बियानं मिळनार, हे मला मागनं कळलं.

परवा आले तवा मी कनगीचं झाकन काढलं. "सायब, हात घाला."

"ताई, तुमीच 'आहे' बोललात ना?"

"मी लाजून बोलले. तुमाला कसली लाज होती?"

बाया दारात येऊन ऐकत होत्या. सायबांचा हात कोपरापर्यंत आत गेला आनि रिकामाच बाहेर आला.

"हां," मी बोलले, "आता लिवा."