कढीचा जपानी वाडगा

लेण्याद्रीच्या पायथ्याशी आमचं घर आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लेणी पाहून उतरलेला एक वयस्कर जपानी कुंभार दमून आमच्या ओट्यावर टेकला. सोबत त्याचा दुभाष्या होता. आईने लिंबू सरबत दिलं. निघताना त्याने पिशवीतून स्वतः घडवलेला वाडगा काढला आणि वडिलांच्या हातात ठेवला. पांढुरका, जाड, किंचित एका अंगाला कललेला. वडील शाळामास्तर होते. दुभाष्यामार्फत त्यांनी शब्द दिला, नीट जपू.

वाडगा शोकेसमध्ये बुद्धमूर्तीशेजारी गेला. दोन महिन्यांनी आईने तो बाहेर काढला. त्यात कढी बराच वेळ गरम राहते आणि हाताला चटका बसत नाही, हा तिचा शोध. वडील कुरकुरले, पण रोज त्यातूनच कढी पिऊ लागले.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या दुकानात दुभाष्याचा फोन आला. पाहुणे परत येणार होते. वडिलांनी वाडगा उजेडात धरला. आतल्या चकचकीत लेपावर केसाएवढ्या बारीक चिरा होत्या आणि त्यांत हळद मुरून पिवळं जाळं झालं होतं. त्यांनी तो साबणाने घासला, मग लिंबाने, शेवटी दंतमंजनाने. जाळं हललं नाही.

"शब्द दिला व्हता मी. आता त्यांना काय दाखवू?"

"शोकेसला काय भूक लागती व्हय?" आई म्हणाली.

वडिलांनी वाडगा सर्वांत वरच्या फळीवर ठेवला, म्हणजे आतलं दिसणार नाही. पाहुण्याने आल्याआल्या तोच मागितला. दोन्ही हातांनी धरून खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला आणि काहीतरी विचारलं. हे पिवळं कशाचं, असं दुभाष्याने सांगितलं. वडील जमिनीकडे पाहत होते.

"कढीचं," आई म्हणाली. "रोज पितात हे."

कुंभार मोठ्याने हसला. या चिरा तो मुद्दाम ठेवतो, म्हणाला. वापराचा रंग त्यांत उतरावा म्हणून. त्याच्या घरी चहाने तपकिरी रेषा यायला वर्षं लागतात. पिवळ्या त्याने पहिल्यांदाच पाहिल्या. मग त्याने कढी मागितली आणि दोन वाडगे प्यायला.

"त्यांना म्हणावं, अजून एक द्या," आई दुभाष्याला म्हणाली. "दोघांत एक पुरत न्हाई."

दुसरा वाडगा पोस्टाने आला. वडील दर रविवारी तो खिडकीशी नेत आणि पिवळं कुठवर आलं ते पाहत.