देवीलाल पंचाची पहिली साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पोलीस ठाण्याच्या भिंतीला टेकून देवीलाल आडेचा चहाचा ठेला उभा असे. गावाचं नाव विचारू नका. त्या ठेल्यावर चहा प्यालेली माणसं अजून हयात आहेत आणि त्यातली निम्मी वर्दीत आहेत.

त्याला देवीलाल म्हणून कोणी हाक मारत नसे. सगळे ‘पंच’ म्हणत. कुठं काही जप्त झालं की पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला दोन पंच लागतात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात असे दोन प्रतिष्ठित इसम. आता असे इसम भर उन्हात कोण हुडकत बसणार? भिंतीपलीकडून जमादार आवाज द्यायचा, “पंच, सही!” आणि देवीलाल दुधाच्या कॅनच्या झाकणावर कागद ठेवून सही ठोकून मोकळा व्हायचा. काय सापडलं, कोणाकडं सापडलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. बदल्यात कोणी त्याला काही देतही नसे. फक्त त्याचा ठेला तिथून कोणी हलवत नसे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. देवीलालच्या मुखी मात्र जमादार बोलायचा.

पुढं कोर्टात उभं राहावं लागे, तेही त्याला सवयीचं झालं होतं. शपथ घ्यायची आणि तीन वाक्यं म्हणायची. “होय, पंचनामा माझ्यासमोर झाला. सही माझीच आहे. आरोपी आज कोर्टात हजर आहे.” वऱ्हाडी बोलणाऱ्या देवीलालच्या तोंडून एवढीच तीन वाक्यं शुद्ध पुस्तकी मराठीत निघत. एकदा एका वकिलानं त्याला विचारलं होतं, की बाबा, तुझ्या डोळ्यांदेखत या तालुक्यात इतके गुन्हे होतात, तर तू चहा विकतोस कधी? सगळं कोर्ट हसलं. देवीलालही हसला.

अशाच सह्यांमध्ये एक सही इम्तियाजच्या पंचनाम्यावरची होती. इम्तियाज दुचाकी दुरुस्त करणारा मिस्त्री, बाजारामागच्या गल्लीत टिनाचं गॅरेज. चोरीच्या मोटारसायकलीच्या चौकशीला त्याला एका सकाळी ठाण्यावर बोलावलं आणि बाहेर बसवून ठेवलं. तो बसला देवीलालच्याच बाकड्यावर. दुपारी बारापर्यंत बसला, दोन चहा प्याला, देवीलालच्या स्टोव्हचा पंप बसल्या बसल्या नीट करून दिला. मग जमादारानं कागद आणला. कागदावर लिहिलं होतं, की सकाळी अकरा वाजता आरोपीनं पंचांसमक्ष आपल्या गॅरेजातून चोरीचं इंजिन स्वतः काढून दिलं. देवीलालनं कागद वाचला, बाकड्याकडं पाहिलं, आणि सही केली. जन्मात एकदाच तो खराखुरा साक्षीदार होता, आणि नेमकी तेव्हाच त्यानं खोटी सही केली.

इम्तियाज चार महिने आत होता. त्या चार महिन्यांत त्याचा बाप वारला. पुढं जामीन झाला आणि खटला तारखांवर तारखा घेत राहिला. ठेल्यावर मात्र रोज आधण चढतच होतं.

प्रफुल्ल पास्टर गावात आला त्यानंतर दोन वर्षांनी. राळेगावकडचा शेतकऱ्याचा पोरगा, तिशी नुकतीच ओलांडलेला. सोयाबीनच्या गोदामामागं एक टिनाचा हॉल भाड्यानं घेऊन त्यानं उपासना सुरू केली. ठेल्यावर यायचा, पेला हातात घेऊन क्षणभर डोळे मिटायचा आणि मग घोट घ्यायचा. देवीलालला त्याची गंमत वाटे. “काहून बाप्पा, चहा पाहून भेव वाटते का?” असं तो विचारायचा. पास्टरनं एकदा त्यालाच विचारलं, “देवीलालभाऊ, तुमचं तारण झालं का?” देवीलाल म्हणाला, “तारण कायचं ठेवू? एक ठेला हाय, तोई सरकारच्या जाग्यावर.” पास्टर इतका हसला की चहा शर्टावर सांडला.

देवीलालची बायको इंदूबाई त्याच्या आधी उपासनेला जाऊ लागली. देवीलाल तेव्हा रोज प्यायचा. ती त्याला चल म्हणत नसे. परत आली की एवढंच सांगे, तुमच्यासाठी मागून आली. ही बाई रोज मागते तरी काय, हे पाहायला तो एका रविवारी गेला आणि दाराशी उभा राहिला. आत इंदूबाई डोळे मिटून गोर बोलीत पुटपुटत होती. त्यांच्या बंजारा तांड्यावरची, घरातली बोली, ती तिथं फक्त त्यालाच कळत होती. “तो मनाचा वाईट नाही, प्रभू,” ती म्हणत होती. “त्याच्याविषयी लोक बोलतात ते ऐकू नको. माझं ऐक.” देवीलालला भडभडून आलं. आपल्या बाजूनं देवापुढं कोणी खरी साक्ष देतं आहे, आणि ती देणारी आपण रोज शिव्या घालतो ती बायको आहे, हे त्याला सहन होईना.

दारू एका दिवसात सुटली नाही. दोनदा सुटली, दोनदा धरली, तिसऱ्यांदा सुटली ती सुटली. पुसदजवळ नदीत त्यानं बाप्तिस्मा घेतला. भिंतीपलीकडून हाक आली की तो सांगू लागला, “हात दुखते, जमादारसाहेब.” हेही खोटंच होतं, पण त्यामुळं सह्या थांबल्या.

उपासनेत एक वेळ साक्षीची असे. कोणीही उभं राहावं आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगावं. कोणाचा ताप उतरलेला, कोणाची सासू बोलायला लागलेली. इंदूबाई दर रविवारी उठायची. देवीलाल तीन वर्षांत एकदाही उठला नाही. पास्टरनं आग्रह केला तेव्हा म्हणाला, “माही साक्ष नका घेऊ. ते सरकारी हाय.” लोक हसले. हा विनोद नव्हता, हे फक्त इंदूबाईला कळलं.

आणि एके दिवशी समन्स आलं. इम्तियाजचा खटला, पंच क्रमांक एक, देवीलाल आडे.

जमादार स्वतः ठेल्यावर येऊन बसला. “तीन वाक्यं हायेत पंच, तुले पाठच हायेत,” असं म्हणाला, ठेल्याच्या चाकांकडं एक नजर टाकली आणि गेला. अधिक बोलायची गरजच नव्हती.

देवीलाल पास्टरकडं गेला आणि सगळं ओकून मोकळा झाला. बाकडं, दोन चहा, स्टोव्हचा पंप, काही लपवलं नाही. मग विचारलं, “बाप्तिस्म्यात माही पापं धुतली गेली म्हनता ना? मंग हे बी गेलं असन.”

“प्रभूनं माफ केलं, भाऊ. त्यात शंका नाही,” पास्टर म्हणाला.

“हो, पन प्रभू जेलात गेलता का? गेला तो इम्तियाज.”

पास्टर तरुण होता, पण प्रामाणिक होता. “खरं सांगाल तर ठेला जाईल. कोर्ट तुमच्यावरच केस करू शकते. मी तुम्हाला सोपं करून सांगू शकत नाही. तारण फुकट मिळते, भाऊ. पण ते मिळाल्यावर जुनं बिऱ्हाड मांडून बसता येत नाही.”

घरी इंदूबाई आधी चिडली. तिच्या मते हा पवित्रपणा तीन वर्षं आधी सुचायला हवा होता, निदान दुसरी जागा तरी पाहून ठेवली असती. रागात तिनं पीठ मळलं, रागात भाकरी थापल्या. जेवण वाढून झाल्यावर म्हणाली, “मी प्रभूले सांगतलं व्हतं, तुमी मनाचे वाईट नाही म्हनून. आता मले खोटं पाडू नका.”

तारखेच्या दिवशी देवीलाल धुतलेला शर्ट घालून गेला. इम्तियाज आरोपीच्या जागी उभा होता. सहा वर्षांत त्याचे कानापाशचे केस पांढरे झाले होते. त्यानं देवीलालकडं पाहिलंसुद्धा नाही. पट्टेवाल्यानं पुकारा केला. देवीलाल पिंजऱ्यात चढला आणि ईश्वरासमक्ष खरं सांगण्याची शपथ त्यानं घेतली. ही शपथ त्यानं पूर्वी कितीदा तरी घेतली होती, पण आज ‘ईश्वर’ हा शब्द त्यानं पहिल्यांदाच सावकाश उच्चारला.

सरकारी वकिलानं विचारलं, “पंचनामा तुमच्यासमोर झाला?”

“होय, पंचनामा माझ्यासमोर झाला. सही माझीच आहे. आरोपी आज कोर्टात हजर आहे.”

बोलून गेला आणि त्याच्याच कानांत ते शब्द पडले. रात्रंदिवस प्रार्थना करून आलेला माणूस, आणि जिभेनं सवयीनं जुनीच वाट धरली! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. वकील समाधानानं खाली बसू लागला. न्यायाधीश बाईंनी लिहायला सांगितलंही.

“थांबा, म्याडम!” देवीलाल ओरडलाच. “ते लिहू नका. ते खोटं हाय.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आत्ताच तर होय म्हणालात.”

“सवय हाय, म्याडम. तोंडाची सवय. तोंड आधी बोलते.” त्यानं कठडा घट्ट धरला. “मी गॅरेजात गेलतोच नाही. इंजिन पाह्यलंच नाही. सही ठेल्यावर केली. अन् अकरा वाजता हा पोरगा कुठीच गेलता नाही. बारा वाजेपर्यंत माह्या बाकड्यावर बसून व्हता. दोन चहा पेला. मी सोता देल्ले.”

कोर्टात कोणी हसलं नाही. वकील ताडकन उठला आणि साक्षीदार फितूर झाला म्हणून बोलू लागला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि देवीलालला सावकाश समजावलं, की खोट्या पंचनाम्यावर सही करणं हा गुन्हा आहे, खोटी साक्षही गुन्हा आहे, त्यावर कारवाई होऊ शकते. कोणी दबाव आणला का, काही आमिष दाखवलं का?

“नाही म्याडम. आता भेव वाटते, पन खोटं बोलनं जास्त जड जाऊन राह्यलं.”

“तर मग इतकी वर्षं का थांबलात?”

याचं उत्तर देवीलालनं ठरवून आणलं नव्हतं. “ठेल्यापायी,” तो म्हणाला. बाईंनी तेही लिहून घ्यायला लावलं.

बाहेर व्हरांड्यात इम्तियाज त्याच्या आडवा आला. देवीलालनं हात जोडले. इम्तियाजनं ते हात खाली केले. प्रेमानं नव्हे, नुसतेच खाली केले.

“अब्बाच्या मातीले मी नव्हतो, चाचा,” तो म्हणाला. “तुमच्या एका सहीनं.”

देवीलालनं पुन्हा हात जोडले.

“कोर्टात बोल्ले ते कागदात गेलं. मी सुटलो तरी कागद वाचते कोन? मोहल्ल्यात मी आजबी चोरच हाय. माही बहीन जेबा, तिचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं. माफी मांगायची असन ना, तर मले नका मांगू. गल्लीत या अन् सांगा.”

चौथ्या दिवशी ठेला अतिक्रमणात उचलला गेला. वीस वर्षांत जे अतिक्रमण कोणाला दिसलं नव्हतं ते अचानक सगळ्यांना दिसलं. इंदूबाईनं तोंडात मारल्यासारखा चेहरा करून भांडी गोळा केली. दोघांनी सामान डोक्यावर घेऊन घरी आणलं. वाटेत देवीलालच्या लक्षात आलं, की गावात कोणीतरी त्याला ‘पंच’ऐवजी ‘देवीलालभाऊ’ अशी हाक मारली. कोण होतं ते मात्र कळलं नाही.

रविवारी उपासनेच्या वेळी पास्टर हॉलच्या दाराशी आला, कारण देवीलाल हॉलकडं न वळता बाजाराकडं वळला होता. “आज तरी साक्ष द्याल वाटलं होतं, भाऊ.”

“द्यायलेच चाललो. जागा दुसरी हाय.”

इंदूबाईनं पदर खोचला आणि त्याच्यामागं निघाली.

गल्लीत रविवारची वर्दळ होती. कोणी बकऱ्यांना पाला घालत होतं, कोणी कूलर दुरुस्त करत होतं. गॅरेजसमोर इम्तियाजची आई, रौशनबी, खाटेवर गहू निवडत बसली होती. सहा वर्षं ही बाई ठाण्याचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं दवाखान्यात जायची, हे देवीलालला ठाऊक होतं. तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला. हॉलमधले लोक उठताना कसे सुरुवात करतात ते त्यानं आठवून पाहिलं आणि सोडून दिलं.

“मी देवीलाल आडे,” तो म्हणाला. “मी खोटा मानूस व्हतो. इम्तियाजच्या केसमंधी मी खोटी सही केली. इंजिन निंगालं म्हनून लिवलं त्या टायमाले इम्तियाज माह्या समोर बसून व्हता. हे मी डोयानं पाह्यलं.”

कूलर दुरुस्त करणाऱ्याचा पाना थांबला. खिडक्यांत डोकी आली. जेबा दारात येऊन उभी राहिली.

रौशनबीनं सूप खाली ठेवलं. “क्या बोल्ला? मेरेकू सुनाई नहीं आया. जोर से बोल.”

देवीलालनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. पलीकडच्या गल्लीतली माणसंही आली.

“फिर से बोल,” म्हातारी म्हणाली.

त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. आता त्याचा आवाज फुटला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. इंदूबाई त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

“और एक बार,” रौशनबी म्हणाली.

देवीलालनं गोंधळून गॅरेजकडं पाहिलं. इम्तियाज हातावरचं ऑइल पुसत बाहेर आला होता. आईकडं बघत तो हळूच म्हणाला, “अम्मीले सगळं साफ ऐकू येते, चाचा. पन सांगा. अजून एकदा सांगा.”

देवीलालनं पुन्हा सांगितलं.