चांद्याची वाळू

काय सांगायचं राव, असा घोळ घातलाय मी, की ऐकाल तर चहा नाकातून येईल!

आमच्या सोलापुरात, सात रस्त्याला एक प्रोफेसरसाहेब राहायचे. भूगर्भशास्त्राचे, पेन्शनीत निघालेले. मी नुकताच मॅट्रिक, रिकामा. त्यांचा बिनपगारी हरकाम्या. साहेब सांगायचे, "फार पूर्वी चांद्याकडं जमीन चिरली, मधला पट्टा खाली बसला. त्या खळग्यात नद्यांनी वाळू आणून टाकली. कुठल्या डोंगराची? अरे, प्रत्येक कणावर त्याच्या गावचा पत्ता असतो, वाचता आला पाहिजे!"

वाळूला पत्ता! मी वेडाच झालो. थंडीत साहेब चांद्याच्या जंगलात जाणार होते, बरोबर एकच मदतनीस. मी टेंभुर्णीपलीकडं कधी गेलो नव्हतो हो! मला जायचंच होतं.

एके दिवशी त्यांनी तिकडच्या वाळूची पुडी हातात ठेवली. "सात पाण्यांनी धू, वाळव, उद्या आण. नीट झालं तर चांद्याचं बघू."

धुतली. पण आभाळ भरलेलं, वाळता वाळेना! मग काय, डोकं चालवलं. गल्लीच्या तोंडाशी मल्लव्वाअक्काची चुरमुऱ्याची भट्टी. तिच्या कढईत दिवसभर वाळूच तर तापत असते की!

"अक्का, एवढी वाळू कोरडी करून दे."

"अय्यो तम्मा, आता वाळू खानार काय?"

"शास्त्राचं काम आहे!"

"मग बस तितं. गरम चुरमुरे खा."

बसलो. खाल्ले. वर हिरवी मिरची. आणि भट्टीकडं पाठ! दहा मिनिटांत पुडी हातात, गरमागरम.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भिंग लावलं आणि खुर्चीतून उडालेच. "काळे कण! हा तर आपल्या सोलापूरकडचा काळा पत्थर! अरे, लाव्हा थिजून हा दगड झाला, त्याच्या किती आधीची ही वाळू! म्हणजे नातू आजोबांच्या लग्नात जेवला!"

दोन दिवस साहेब जेवले नाहीत. कलकत्त्याच्या विद्वानांना पत्र लिहायला बसले. मी हळूच म्हटलं, "साहेब, धुतली मी होती..."

"तुझंही नाव घातलंय रे! आणि चांद्याला तूच येणार."

मग मी कशाला घरात थांबतोय? न्हाव्याला सांगितलं, टांगेवाल्याला सांगितलं. शेवटी भट्टीवर गेलो. "अक्का, त्या वाळूत काळे कण निघाले! सगळं शास्त्र उलटंपालटं होणार!"

अक्का चाळणी हलवत म्हणाली, "निगनारच की. माजी हितल्या सीना नदीची वाळू हाय ती. तुजी कढईतच वतली, आन् तेवडीच मोजून काडून दिली. वाळू ती वाळू."

आता बोललो तर चांदा गेला. गप्प बसलो तर? कलकत्त्याचे लोक त्या म्हाताऱ्याला हसणार, मरेपर्यंत हसणार!

पळालो. सात रस्त्यापर्यंत धोतर सांभाळत पळालो! साहेब पाकिटाला डिंक लावत होते.

"साहेब, थांबा! ती वाळू... भट्टीत..."

सगळं सांगितलं. साहेबांनी डिंकाचं बोट पुसलं. मग पाकीट फाडलं.

"छापून आलं असतं तर तोंड लपवायला जागा नव्हती मला. बरं केलंस. चल चांद्याला. पण तिथं वाळूला हात लावायचा नाही, भाकऱ्या थापायच्या."

"चालेल, साहेब!" माझ्या तर डोळ्यांत पाणी.

साहेबांनी पत्राचं शेवटचं पान पुढं सरकवलं. "हे तेवढं वाच. त्या वाळूत एक पांढरा, मऊ, पाण्यावर तरंगणारा तुकडा सापडला होता. आजवर कुणी न पाहिलेलं खनिज, असं वाटलं मला."

वाचलं. साहेबांनी मोठ्या कौतुकानं चुरमुऱ्याला माझं आडनाव दिलं होतं!